वळवाला टाळ्या

दिवाळीच्या अंकात चैत्रातली हकीकत सांगतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण हकीकत शोभेच्या दारूचीच आहे.

हनुमान जयंतीला जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रा भरते. यंदा धाकट्या मुलीला घेऊन गेलो होतो. रात्री देवळामागच्या माळावर दारूकाम झाले. बाण सुसाट वर गेले, नळे फुलले, चक्रे फिरली आणि वर्गणीचा शेवटचा रुपया जळेपर्यंत आम्ही टाळ्या पिटल्या. धूर विरतो न विरतो तोच पुनवेचा चंद्र ढगाआड गेला आणि डोंगरामागे आभाळ लख्खकन उजळले.

वळीव! मी पडलो मराठीचा मास्तर. लगेच उपमा सुचू लागल्या. माणसाची आतषबाजी संपली, आता देवाची सुरू, वगैरे. मी खरोखरच टाळी वाजवली.

वाजवणारा मी एकटाच होतो. माळ केव्हाच रिकामा झाला होता. काकांनी माझा दंड धरला. "मास्तर, टाळ्या राहू दे. ताडपत्रीचं टोक धर."

काढलेला उन्हाळी कांदा वावरात उघडा पडला होता. तो भिजला की सडतो. चाळीत साठवण्याजोगा राहत नाही. आम्ही पळालो. मुलगी मात्र वीज चमकली की आकडे मोजी. प्रकाश क्षणात पोचतो, आवाजाला किलोमीटरमागे सुमारे ३ सेकंद लागतात, हे ती शाळेत शिकली होती.

"छत्तीस! म्हणजे १२ किलोमीटर."

निम्मा कांदा झाकून झाला. पुन्हा उजेड पडला. या खेपेस आकडा २४ वरच थांबला.

"आजोबा, तीसच्या आत गडगडलं की घरात जायचं असतं. झाडाखालीसुद्धा थांबायचं नाही."

काकांनी उरलेल्या कांद्याकडे एकदा पाहिले. कित्येक महिन्यांचे पाणी, खत, मजुरी तिथे पसरली होती. मग ताडपत्रीवर दगड ठेवून ते म्हणाले, "चला. कांदा परत लावता येतो."

आम्ही दार लावले तेव्हा आकडा तीनवर आला होता. पुढे मोजायला उसंतच मिळाली नाही.

सकाळी निम्मा कांदा हाती लागला. काकांनी उरलेल्याविषयी अक्षर काढले नाही.

परवा परतीच्या पावसात शहरावर विजा चमकू लागल्या, तसा मी खिडकीशी गेलो. उपमा सुचल्या, नाही असे नाही. पण आधी काकांना फोन केला. "वावरात काही उघडं नाही ना?"

"नाही रे," काका म्हणाले. "आता वाजव टाळ्या."