विश्लेषण : विकत घेतलेला व्हिडीओ गेम उसना देता येतो का?

प्लेस्टेशन ५च्या नव्या, मोठ्या गेमची किंमत भारतात पाच हजार रुपयांच्या घरात गेली आहे. गेम एकदा पूर्ण झाला की डिस्क बहुतेक वेळा कपाटात पडून राहते. अशा डिस्क त्याच शहरातील खेळाडूंना एकमेकांकडून उसन्या मिळवून देणाऱ्या ऑनलाइन सेवांचे आकर्षण त्यामुळेच आहे. मात्र, डिस्कच नाहीशी होत चालल्याने या देवघेवीचा पाया डळमळीत होत आहे.

ही सेवा कशी चालते?

आपल्याकडील गेमची यादी टाकायची, जवळपासचा खेळाडू शोधायचा, अनामत ठेवून ठरावीक दिवसांसाठी डिस्क न्यायची, असे याचे साधारण स्वरूप. अंतर कमी असल्याने कुरिअरचा खर्च वाचतो, डिस्कवर ओरखडे आहेत का, हे समोरासमोर पाहता येते. अमेरिकेत २००२ मध्ये सुरू झालेल्या गेमफ्लायने टपालाने गेम भाड्याने देण्याचा व्यवसाय उभारला. स्थानिक देवघेवीत मात्र कंपनीचे गोदाम नसते. साठा खेळाडूंच्या घरातच असतो.

कायदा काय सांगतो?

मित्राला मोफत डिस्क देणे आणि भाडे आकारणे, यांत फरक आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १४नुसार संगणक प्रोग्राम किंवा चित्रपटाची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. त्यामुळे भाडे घेणाऱ्या सेवेला परवानगीचा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेने १९९०मध्ये संगणक सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंधन आणले, पण कन्सोलवरील गेमना त्यातून वगळले. म्हणूनच तेथे हा व्यवसाय फोफावला. जपानमध्ये जुन्या गेमची विक्री वैध असल्याचा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये दिला.

डिजिटल गेमचे काय?

डिजिटल गेम विकत घेताना ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना. तो कंपनीच्या खात्याशी जोडलेला असल्याने शेजाऱ्याला देता येत नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५पासून डिजिटल दुकानांना ही बाब ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. निन्टेन्डोने डिजिटल गेम उसना देण्याची सोय दिली आहे, पण ती स्वतःच्या कुटुंब गटापुरती, एका वेळी एकच गेम आणि दोन आठवड्यांसाठी.

कंपन्यांना विरोध झाला का?

मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये एक्सबॉक्स वनवर डिस्कच्या देवघेवीला मर्यादा घालण्याचे जाहीर केले. खेळाडूंच्या संतापानंतर त्याच जूनमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. पुढे मात्र बंदी न घालताच तोच परिणाम साधला जाऊ लागला. भारतात २०२१मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ डिस्क ड्राइव्हसह ४९,९९० रुपयांना, तर ड्राइव्हविना ३९,९९० रुपयांना होता. दहा हजार रुपये वाचवणाऱ्याने उसनवारीचा मार्गही बंद करून घेतला.

ग्राहकाने काय पाहावे?

कन्सोलला डिस्क ड्राइव्ह आहे का, हे आधी तपासावे. निन्टेन्डो स्विच २च्या काही कार्डांत पूर्ण गेम नसून केवळ ‘किल्ली’ असते. असे कार्ड दुसऱ्याला देता येते, पण गेम डाउनलोड करावा लागतो. म्हणजे सर्व्हर सुरू असेपर्यंतच त्या कार्डाचा नव्या खेळाडूला उपयोग. किमतीची तुलना करताना हा फरकही हिशेबात धरायला हवा.