नाव बदललं तर बिघडलं कुठे?

आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत अजून आहे. ताटात तांदूळ पसरायचे, त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. वडलांचं नाव आणि आडनाव तर जातंच, कधी कधी पंचवीस वर्षं वापरलेलं स्वतःचं नावही जातं. मग विवाह प्रमाणपत्र नाहीतर राजपत्र दाखवलं की कागदपत्रं बदलतात. ‘तुझं खरं नाव कोणतं?’ असं तिला कुणी विचारत नाही.

मी ट्रान्स पुरुष आहे. मला मात्र तो प्रश्न आत्यापासून सरकारी खिडकीपर्यंत सगळ्यांनी विचारला. नावाचं काम तरी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातल्या जाहिरातीवर भागलं. अडलं ते पासपोर्टवरच्या एका अक्षरापाशी: ‘एफ’चं ‘एम’ करायचं होतं.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदेशीर आहे. पाच वर्षांनी संसदेने कायदा केला. त्यात ‘ट्रान्सजेंडर’ अशा दाखल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्र पुरेसं ठेवलं. ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’साठी मात्र कलम 7 मध्ये शस्त्रक्रियेची अट घातली. न्यायालयाने पुढच्या दाराने बाहेर काढलेली अट मागच्या दाराने परत आली. 2020 च्या नियमांनी समुपदेशन आणि हार्मोन उपचारही त्यात धरले. पण 2022 मध्ये मी ज्या खिडकीसमोर उभा होतो, तिथवर फक्त ‘ऑपरेशन’ हा शब्द पोहोचला होता. ‘झालंय का? कुठलं?’ मागची अख्खी रांग कान देऊन ऐकत होती.

‘मग ट्रान्सजेंडर लिहा की!’ असा सल्लाही मिळाला. ज्यांना ते हवं त्यांना ते मिळायलाच हवं. मी पुरुष आहे, मला पुरुष लिहायचंय.

‘पण देशाच्या सुरक्षेचं काय?’ हा पुढचा प्रश्न. दाढीवाल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘एफ’ असेल तर विमानतळावर गोंधळ वाढतो की कमी होतो? ओळख पटवायला फोटो आहे, बोटांचे ठसे आहेत. अर्जेंटिनाने 2012 मध्येच शस्त्रक्रिया आणि कोर्ट दोन्ही वगळून माणसाच्या शब्दावर हा बदल द्यायचं ठरवलं. तिथली विमानं काही थांबली नाहीत.

जन्मदाखल्यात वेगळं आहे म्हणाल, तर नवरीचं जुनं नावही जन्मदाखल्यात असतंच. तिथे आपण तांदूळ पसरतो, कारण नाव दुसरे बदलतात. माणूस स्वतःहून बदलायला निघाला की लगेच नावं ठेवतो.

खिडकीपलीकडच्या साहेबांना माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या पासपोर्टवर ‘एम’ छापताना तुमच्या चड्डीत कुणी डोकावलं होतं का? अर्जात तुम्ही खूण केलीत, त्यांनी छापलं.

माझंही तसंच छापा.