चैत्रातलं आभाळ आणि आपलं वाळवण

मार्च-एप्रिल आला की रत्नागिरीकडच्या आम्हा घरवाल्यांचा सकाळचा प्रश्न एकच असतो: आज वाळवण घालायचं की नाही? सकाळी आभाळ निरभ्र असतं. दुपारी ऊन तापतं, समुद्रावरून दमट वारा येतो, सह्याद्रीकडे ढग दाटतात. संध्याकाळी गडगडाटासह सर आली की अंगणातले सांडगे, जवळा आणि कलमांवरचा आंबा, सगळंच अडचणीत.

गेल्या वर्षी सकाळचं ऊन पाहून आम्ही हवामान खात्याचा पिवळा इशारा मनावर घेतला नाही. वाळत घातलेले बोंबील भिजले, टाकून द्यावे लागले. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पण आंबे काढायला आलेले गडी विजा चमकत असताना कलमाखाली उभे होते, ते आठवलं की अजून काळजात धस्स होतं. अल्लाहने राखलं.

आता आम्ही फजरनंतर अंदाज पाहतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने हालचाल करा. पिवळा असला तरी आंबे दुपारच्या आत उतरवतो, जोहरपर्यंत वाळवण घरात घेतो. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली कुणी थांबायचं नाही, सगळ्यांनी घरात यायचं. विजेची सूचना देणारं 'दामिनी' अ‍ॅप गड्यांच्या मोबाइलवरही घालून दिलं आहे.

पाऊस दिसला की तो लाभाचा ठरो, अशी दुआ प्रेषितांनी (स.) शिकवली. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, हेही त्यांनीच सांगितलं. यंदा दोन्ही करू, इन्शाअल्लाह.