कुठे थांबलात?

कादंबरी लिहून हातावेगळी झाली की लगेच प्रकाशकाकडे धाडू नये. आधी दोन-तीन जवळच्या माणसांना वाचायला द्यावी. कौतुकासाठी मात्र नाही, कामासाठी द्यावी, असं मी आता ठामपणे सांगते.

माझी पहिली कादंबरी गेल्या पावसाळ्यात पुरी झाली. सिंधुदुर्गातल्या एका एसटी कंडक्टरची गोष्ट. कणकवलीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ३१२ पानांच्या तीन प्रती काढल्या, स्पायरल करून घेतल्या आणि वाटल्या. बँकेतल्या मैत्रिणीचा चार दिवसांत फोन आला, "छान झालीय गं, ओघवती आहे." फोन ठेवला तेव्हा माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं. पण चूक तिची नव्हती. मी विचारलं होतं, "कशी वाटली?" असं विचारल्यावर मैत्रीण दुसरं काय सांगणार? मित्र तोंडदेखलं बोलतात अशी तक्रार लेखक करतात, पण तसं बोलायला आपणच त्यांना भाग पाडतो.

ग्रंथालयात काम करणाऱ्या मैत्रिणीला मग एवढंच म्हटलं, "वाचता वाचता जिथे उठलीस, तिथे पेन्सिलीने खूण कर." प्रत परत आली तेव्हा १४० ते १९० या पानांत सात खुणा होत्या. डेपोतल्या संपाचा हा भाग मी सर्वांत कष्टाने लिहिला होता. पन्नासातली अडतीस पानं काढली. दोन रात्री झोप लागली नाही, पण काढली.

तिने आणखी एक सुचवलं होतं, नायकाच्या आईचं पात्रच काढून टाक. ते मी ऐकलं नाही. पण आई तिला उपरी का वाटली, याचा विचार करताना लक्षात आलं की ती पहिल्यांदा येते तीच १२० व्या पानावर. तिला पहिल्या प्रकरणात आणलं. वाचणाऱ्याला ठेच कुठे लागली ते त्याच्याकडून ऐकावं, दगड हलवायचा कसा ते आपण ठरवावं.

तिसरी प्रत शेजारच्या काकांकडे होती. कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पेपरपलीकडे वाचनाची सवय नाही, म्हणून द्यावी की नको अशा विचारात होते. महिन्याभराने ते प्रत काखेत मारून आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "बॅग टाकून कंडक्टर खंय जाता? उशाक घेऊन निजता तो." माझा नायक मुक्कामाच्या गाडीतच पैशांची बॅग ठेवून जत्रेतलं दशावतारी नाटक बघायला गेला होता. काकांनी समजावलं, दिवसभराची कॅश दुसऱ्या दिवशी डेपोत भरेपर्यंत जबाबदारी कंडक्टरची. एक रुपया कमी पडला तर खिशातून भरायचा. मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. आता तो रात्रभर बॅग मांडीवर घेऊन, पट्टा मनगटाला गुंडाळून नाटक बघतो. शेजारी नायिका येऊन बसते तेव्हाही त्याचा हात बॅगेवरून उठत नाही. त्या हाताने मला माझा नायक कळला.

हे काम संपादकाचं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. गिरगावातल्या खटाववाडीत, 'मौज' प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाचं हस्तलिखित ओळीओळीने वाचत, त्याला लांबलचक पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत. त्यांचं 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद पडलं. असा संपादक आज किती नव्या लेखकांच्या वाट्याला येतो? माझ्या ओळखीच्या एका लेखकाला आठ महिने वाट पाहिल्यावर दोन ओळींचा नकार आला. कादंबरी कुठे फसली, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. प्रकाशकांनी पगारी संपादक नेमावेत, ही मागणी मराठी लेखकांनी लावून धरलीच पाहिजे. तोवर कच्चा खर्डा तिकडे पाठवून नशिबावर हवाला ठेवण्यात शहाणपण नाही.

काकांच्या प्रतीत शेवटच्या कोऱ्या पानावर बॉलपेनने अकरा गावांची नावं होती. मुक्कामाच्या गाडीवर असताना ते जिथे जिथे झोपले, ती गावं. प्रत्येकापुढे लिहिलेलं, देऊळ की शाळेची पडवी. त्यातली दोन गावं आता कादंबरीत आहेत.