‘आई, मला डॉक्टरकडे घेऊन चल’

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणातला हा निकाल. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातली सूचना बऱ्याच जणींनी वाचली असेल. पालकांसाठीही नियमित कार्यक्रम घ्यावेत, असंही त्यात आहे. त्याची फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र तेच जास्त महत्त्वाचं वाटलं.

मी कात्रजला राहते. साताऱ्याकडून पुण्याला येताना बोगदा ओलांडून खाली उतरलं की आमचा भाग लागतो. भारती विद्यापीठ जवळ, त्यामुळे गल्लोगल्ली कॉट बेसिसच्या खोल्या आणि मेस. तिथे राहणारी पोरं म्हणजे, मैत्रिणींनो, तुमच्याच गावांतली. महिला मंडळाच्या कामामुळे मेस चालवणाऱ्या बायकांशी माझं नेहमी बोलणं होतं. त्या सांगतात, पोराचं काही बिनसलं की आधी डबा तसाच परत येतो. आईला ते फोनवर कुठून दिसणार?

आणि मूल तरी सरळ कुठे सांगतं? ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच कुणी म्हणतं. ‘पोटात दुखतंय’, ‘झोपच लागत नाही’, ‘चार दिवस घरी येऊ का?’ असंच काहीतरी म्हणतं. आपली उत्तरं तयारच असतात. अभ्यास नको म्हणून नाटकं. मोबाइल ठेव बाजूला. तुला काय कमी आहे? आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही! (होतं की. त्याला आपण बाहेरची बाधा म्हणायचो आणि अंगारा लावायचो.) एवढं ऐकल्यावर ते मूल पुन्हा विषय काढेल कशाला?

मोठ्यांनासुद्धा हे सांगणं जड जातं. दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये स्वतःच्या नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितलं, तेव्हा आपल्याला मदतीची गरज आहे हे आईनेच ओळखलं, असं तिने म्हटलं होतं. मग अकरावीतली पोर ते कसं मागणार?

त्यात कायद्याची बाजू अशी. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी व्यवस्थेत असे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं तो सांगतो. पण अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत उपचारांचे निर्णय पालकांच्या हाती असतात. म्हणजे मुलाने कितीही धीर केला तरी वाट आपल्या उंबऱ्यावरूनच जाते. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्यात सगळ्यात जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले होते. प्रत्येकामागचं कारण वेगळं असेल. पण यातल्या किती जणांनी घरी काही सांगून पाहिलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक धोंड. ‘उद्या लग्नाचं काय? कुणाला कळलं तर?’ मुलाला नेतात, कारण त्याचं वर्ष वाया जाईल. मुलीला सांगतात, लग्न झालं की होईल ठीक. दुखणं तसंच घेऊन ती सासरी जाते आणि पहिल्या बाळंतपणात ते दुप्पट होऊन वर येतं, हे मी दोन-तीन घरांत पाहिलंय. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची, हे याच कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक केलंय. गावभर करतो ते आपणच.

पोटदुखीसाठी आधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा, त्यात गैर काही नाही. पण दोन आठवडे होऊन गेले, खाणं-झोप बिघडलेलीच आहे, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. ते डॉक्टरच असतात, औषध देऊ शकतात. समुपदेशक बोलून मदत करतात. कधी दोन्ही लागतं. पुण्यात ससून आहे, आमच्याकडे भारती हॉस्पिटल आहे. तुमच्याकडे जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मरणाची भाषा निघाली तर मात्र त्याच दिवशी न्या, आणि तोवर एकटं सोडू नका.

राहता राहिले वडील. मूल आईला सांगतं आणि आईने ते वडिलांपर्यंत पोचवायचं असतं, पैसे बहुतेक त्यांच्याकडूनच यायचे असतात. तिथे बऱ्याच जणी अडतात. अशा वेळी १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही. मूल स्वतः फोन करू शकतं. घरी हे कसं सांगायचं हे विचारायला आईनेही करायला हरकत नाही. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा केला तरी चालतो.