नर्सच्या इंटरव्ह्यूसाठी उधारीचा ड्रेस नको



आपल्या वस्त्यांमधल्या अनेक मुली आज एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग करून बाहेर पडत आहेत. पास झाल्याचे पेढे वाटून होतात. मग एखाद्या हॉस्पिटलमधून इंटरव्ह्यूचा फोन येतो आणि घरात पहिला प्रश्न निघतो, ‘घालायचं काय?’ आई म्हणते साडी नेस, मावशी म्हणते नवा ड्रेस घे, मैत्रीण सांगते कोट भाड्याने मिळतो. शेवटी बचत गटातून दोन हजार उचलले जातात. हे कर्ज आम्हाला साफ नामंजूर आहे. त्याहून वाईट म्हणजे ‘माझ्याकडे चांगले कपडेच नाहीत’ म्हणून जी मुलगी जातच नाही, तिचे नुकसान. तीन वर्षांचे शिक्षण एका ड्रेसपायी घरी बसवायचे?

नर्स निवडणारी मेट्रन समोरच्या मुलीचा भारी कपडा मोजत नाही. तिची नजर आधी हातांवर जाते. ही मुलगी उद्या पेशंटला सलाईन लावणार, जखमेची पट्टी बदलणार, बाळंतिणीला सांभाळणार. म्हणून हातांपासूनच सुरुवात करू. नखे कापलेली हवीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हात-स्वच्छतेच्या सूचनांत नखांचे टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असावे, असे दिले आहे. नेलपॉलिश काढून टाका. ते उडाले की खाचांत घाण राहते आणि नखाखालचा मळ दिसत नाही. अंगठ्या, बांगड्या, कडे घरी ठेवा, कारण त्यांच्याखाली साबण पोचत नाही. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत तर २००७ मध्ये ठरले की पेशंटजवळ काम करताना कोपराखाली हात उघडा असावा, लांब बाही नको, घड्याळ नको. लग्नाची मेंदी हातावर असेल तर मात्र घाबरू नका. मेंदी म्हणजे मळ नव्हे.

आता कपडे. साधा सुती पंजाबी ड्रेस, फिका किंवा एकरंगी, कोपरापर्यंत बाही, ओढणी दोन्ही खांद्यांना पिन केलेली. साडीची सवय असेल तर सुती साडी, पदर पिन लावून. जुना चालेल, विटका चालेल, पण धुतलेला आणि इस्त्री केलेला हवा. काही ठिकाणी त्याच दिवशी बीपी घेऊन दाखव, हात धुण्याच्या पायऱ्या करून दाखव, असे सांगतात. अशा वेळी सरकणारी ओढणी आणि मनगटापर्यंतची बाही फजिती करते. केस घट्ट बांधा, गजरा नको. बॉडी स्प्रेचा भपका नको, उलटी होणाऱ्या आणि दम्याच्या पेशंटला तो सोसत नाही. पायात पुढून बंद, सपाट बूट किंवा बेली. वॉर्डात सुई पडते, रक्त सांडते, तिथे उघडी सँडल कामाची नाही. ब्रदर म्हणून जाणाऱ्या मुलांनाही हेच लागू: साधा शर्ट-पँट, दाढी नीट, हातात कडे नाही. आणि हॉस्पिटलने सांगितले नसेल तर युनिफॉर्म घालून जाऊ नका. लोकल-बसमधून युनिफॉर्मवर प्रवास करणे तसेही चुकीचेच.

हे सांगणे सोपे आहे, वस्तीतून करणे कठीण, हे आम्ही जाणतो. पहाटे अर्धा तास नळ येतो. पावसाळ्यात कपडे घरातच वाळतात, त्यांना ओलसर वास येतो, वर फोडणीचा वास बसतो. म्हणून कपडे दोन दिवस आधी धुवा, इस्त्रीवाल्याकडून आणून पिशवीत बांधून ठेवा आणि सकाळचा स्वयंपाक झाल्यावरच अंगावर घाला. गल्लीत चिखल असेल तर चपलेवर निघा, बूट पिशवीत न्या, हॉस्पिटलच्या गेटजवळ बदला. यात लाज कसली?

एक नाजूक गोष्ट राहिली. परित्राण पाठानंतर मनगटावर बांधलेला पांढरा धागा, गळ्यातले बाबासाहेबांचे किंवा अशोकचक्राचे लॉकेट. काही मुली विचारतात, हे लपवायचे का? आमचे मत असे की लपवायचे म्हणून काहीच काढू नका. पण धागा ओला राहतो, त्यात जंतू टिकतात, लोंबणारी साखळी पेशंटच्या अंगावर येते. म्हणून धागा सोडून घरी ठेवा, साखळी कपड्याच्या आत घ्या. मंगळसूत्राचेही तेच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, अंगावरचे जड दागिने सोडायला सांगितले, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवायला सांगितला. त्या बायकांनी अंगावरची ओळख बदलली ती कुणाला खूश करायला नव्हे. आपल्या मुलींनीही इंटरव्ह्यूला त्याच ताठपणे बसावे.

कपडे नीट असले की नोकरी मिळतेच, असे आम्ही म्हणणार नाही. आडनाव ऐकून, पत्ता वाचून, रंग बघून चेहरा बदलणारे लोक टेबलापलीकडे असतात. त्यावर कुठलाही ड्रेस औषध नाही, आणि तिथे नकार आला तर दोष मुलीच्या कपड्यांत शोधू नका. घरच्यांनीही ‘तरी सांगत होते, नवा घे’ असे तिला ऐकवू नये.

बचत गटाला पैसे द्यायचेच असतील तर ते महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीसाठी द्यावेत. ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि नोंदणी नसेल तर सर्वांत देखणा ड्रेसही कामाचा नाही. महिला मंडळांनी विहारात एक चांगली इस्त्री, एक आरसा आणि दोन-तीन मापांचे काळे बंद बूट ठेवावेत. ज्या मुलीला इंटरव्ह्यू असेल तिने आदल्या संध्याकाळी न्यावेत, परत आणताना पुसून आणावेत.