आकडा कळतो, नाते कळत नाही
संगणकीय आरेखन शिकलेले तरुण मोठ्या संख्येने बाहेर पडत आहेत. परंतु त्यांना आरेखन शिकवले जाते की केवळ सॉफ्टवेअर?

बंगळूरच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही जुनी वसाहत मोठ्या नंदीचे मंदिर, गांधी बाजार आणि कार्तिकात भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा यांसाठी प्रसिद्ध आहे. याच वसाहतीत, बुल टेम्पल रस्त्यावर, बी. एम. श्रीनिवासय्या यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेले बीएमएस अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. खासगी पुढाकारातून सुरू झालेल्या देशातील अगदी सुरुवातीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्याची गणना होते.

हे महाविद्यालय ज्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, त्याचे मुख्यालय मात्र बेळगावात आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली कर्नाटकातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये येतात. त्यामुळे बसवनगुडीच्या प्रयोगशाळेत संगणकापुढे बसलेला विद्यार्थी आणि बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडचा मराठी भाषक विद्यार्थी यांच्यापुढील प्रश्न फारसे वेगळे नाहीत.

त्यांतील एक प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. यंत्राचा सुटा भाग संगणकावर कसा रचावा, आणि अनेक सुटे भाग जोडून पूर्ण जुळणी कशी साधावी, हे शिकवायचे कसे? मिनी ड्राफ्टर आणि ड्रॉइंग बोर्ड यांची जागा संगणकाने घेतली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. परंतु साधन बदलले, तसे शिक्षण बदलले काय, याचे उत्तर अद्याप समाधानकारक नाही.

दोन बेअरिंगचे उदाहरण

एका लहानशा गिअरबॉक्सचा विचार करता येईल. त्यातील शाफ्ट ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगवर फिरतो. या बेअरिंगचा आतील व्यास २० मिलिमीटर, बाहेरील व्यास ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर असते. पुढे भार वाढला आणि ग्राहकाने ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग वापरण्यास सांगितले. त्याची मापे अनुक्रमे २५, ५२ आणि १५ मिलिमीटर.

बदल एका बेअरिंगचा. पण परिणाम सर्वत्र होतो. शाफ्टचा व्यास बदलतो, हाउसिंगमधील भोक मोठे होते, झाकणाचा खांदा बदलतो, आणि झाकणाच्या बोल्टचे वर्तुळ तेच राहिले तर भोकाची भिंत पातळ होते.

पॅरामेट्रिक पद्धतीचे महत्त्व येथे दिसते. या पद्धतीत माप हा नुसता आकडा नसतो. ते दुसऱ्या मापाशी जोडलेले नाते असते. हाउसिंगचे भोक बेअरिंगच्या बाहेरील व्यासाशी आणि बोल्टचे वर्तुळ त्या भोकाशी बांधलेले असेल, तर एक आकडा बदलताच संपूर्ण जुळणी नव्या मापांनी उभी राहते. परंतु विद्यार्थ्याने ४७ हा आकडा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे टाकला असेल, तर दोन ठिकाणी बदल होतो आणि तिसरे ठिकाण राहून जाते. पडद्यावर चित्र ठीकच दिसते. कारखान्यात मात्र झाकण बसत नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. ४७ मिलिमीटरच्या भोकाला एच-७ ही प्रचलित सूट दिली, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते शून्य ते ०.०२५ मिलिमीटर इतकेच मोठे असू शकते. ५२ मिलिमीटरचे भोक मापांच्या पुढच्या गटात मोडते आणि तेथे हीच सूट ०.०३० मिलिमीटर होते. जुना सूटीचा आकडा हाताने लिहिलेला असेल, तर भोकाचे माप बदलले तरी तो आपोआप बदलत नाही. तो तपासावा लागतो हे माहीत असणे, हेच अभियंत्याचे शिक्षण होय.

रेषेकडून नात्याकडे

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये सादर केलेल्या 'स्केचपॅड' या प्रणालीतच दोन रेषा समांतर राहाव्यात किंवा सारख्या लांबीच्या असाव्यात, अशी बंधने घालता येत होती. तथापि १९८२ मध्ये आलेल्या 'ऑटोकॅड'ने जो प्रसार केला, तो प्रामुख्याने कागदावरील ड्रॉइंग संगणकावर आणण्याचा होता.

सोव्हिएत संघातून अमेरिकेत गेलेले गणितज्ञ सॅम्युअल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशनची स्थापना केली. तिच्या 'प्रो-इंजिनिअर' या सॉफ्टवेअरने १९८० च्या दशकाच्या अखेरीस मापे, बंधने आणि बांधणीचा क्रम यांवर आधारलेले घन मॉडेल उद्योगात रुजवले. १९९५ मध्ये 'सॉलिडवर्क्स'ने हीच पद्धत विंडोजवर चालणाऱ्या साध्या संगणकावर आणली. त्यानंतर लहान कारखाना आणि महाविद्यालय या दोघांनाही ती आवाक्यात आली.

या प्रगतीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. गोदरेज समूहातून पुढे आलेल्या जिओमेट्रिक या कंपनीने मुंबई आणि पुण्यातून याच क्षेत्रातील सॉफ्टवेअर विकसित केले. तिने २००२ मध्ये फ्रान्सच्या दासो सिस्टिम्ससोबत संयुक्त कंपनीही स्थापन केली. म्हणजे जगभरच्या आरेखकांच्या हाती असलेल्या साधनांमागे मराठी मुलखात बसून काम करणाऱ्या अभियंत्यांची बुद्धीही आहे. साधन घडवण्यात आपण मागे नव्हतो. अडचण आहे ती साधन शिकवण्यात.

जुळणी चुकली की

आरेखनातील विसंगतीची किंमत किती मोठी असू शकते, याचा धडा २००६ मध्ये जगाला मिळाला. एअरबसच्या 'ए-३८०' या महाकाय विमानाच्या एका प्रतीत शेकडो किलोमीटर लांबीच्या विद्युत तारा असतात. हॅम्बुर्गमध्ये तयार झालेले तारांचे जुडगे तुलूझ येथील अंतिम जुळणीत नीट बसेनात. जर्मनीतील आणि फ्रान्समधील आरेखक 'कॅटिया' या एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते, आणि एका बाजूचे बदल दुसरीकडे बिनचूक पोहोचत नव्हते.

परिणामी विमाने ग्राहकांच्या हाती पडण्यास सुमारे दोन वर्षांचा विलंब झाला, कंपनीला अब्जावधी युरोंचा फटका बसला आणि तिच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना पदे सोडावी लागली. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळाले. निष्णात अभियंत्यांची आणि पैशाची तेथे वाण नव्हती. उणीव होती ती एका भागाचे दुसऱ्याशी असलेले नाते सर्वांपर्यंत सारखे पोहोचण्याची.

बेळगाव आणि कोल्हापूरचा अनुभव

हा प्रश्न केवळ विमानांचा नाही. बेळगाव आणि कोल्हापूर ही ओतकामाची मोठी केंद्रे आहेत. येथील फाउंड्री पंप, मोटारी आणि ट्रॅक्टर यांना लागणारे सुटे भाग देशात आणि परदेशात पुरवतात. बेळगाव जिल्ह्यातच हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग बनवणारे विशेष आर्थिक क्षेत्रही उभे राहिले आहे.

अशा कारखान्याकडे ग्राहकाकडून अनेकदा 'स्टेप' प्रकारची फाइल येते. आयएसओ १०३०३ या मानकावर आधारलेली ही फाइल वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते. परंतु तिच्यातून सर्वसाधारणपणे येतो तो केवळ आकार. तो कोणत्या क्रमाने बांधला, कोणते माप कशावर अवलंबून आहे, ही माहिती मागेच राहते.

फाउंड्रीला तर या आकारात पुष्कळ भर घालावी लागते. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून २०० मिलिमीटरच्या भागासाठी पॅटर्न जवळजवळ २०२ मिलिमीटरचा करावा लागतो. ज्या पृष्ठभागांवर पुढे मशिनिंग होणार, तेथे जादा धातू ठेवावा लागतो. पॅटर्न वाळूतून सहज निघावा यासाठी उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. हे सर्व मूळ भागाच्या मॉडेलशी जोडून केले, तर ग्राहकाने सुधारित आवृत्ती पाठवल्यावर काम तासांत होते. तसे केले नसेल, तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात.

मॉडेल जोडून कसे बांधायचे, हे जाणणारा माणूस लहान कारखान्याला मिळणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. मोठी कंपनी नव्या उमेदवाराला काही महिने प्रशिक्षण देऊ शकते. दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्याला ती चैन परवडत नाही. आणि उमेदवाराच्या बाजूने पाहिले, तर प्रमाणपत्र हाती असूनही पहिल्याच बदलाच्या वेळी मॉडेल कोलमडले, की नोकरीतील त्याचा आत्मविश्वासही कोलमडतो.

परीक्षा कशाची?

पदवीच्या पहिल्या वर्षाला विश्वेश्वरय्या विद्यापीठाने संगणकाधारित अभियांत्रिकी आरेखन हा विषय ठेवला आहे. त्यात बिंदू, रेषा, प्रतले आणि घनाकृती यांचे प्रक्षेप, पृष्ठभागांचा उलगडा आणि सममितीय दृश्ये शिकवली जातात. हा पाया आवश्यकच आहे. ज्याला डोळे मिटून घनाकृती फिरवता येत नाही, त्याला कोणतेही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. आयटीआयमधील दोन वर्षांच्या ड्राफ्ट्समन मेकॅनिकल अभ्यासक्रमाचाही हेतू हाच आहे.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. मॉडेलिंगच्या परीक्षेत सर्वसाधारणपणे तपासले जाते ते तयार चित्र: आकार बरोबर आहे काय, मापे दिली आहेत काय, जुळणी पूर्ण झाली काय. ते चित्र कसे बांधले, हे क्वचितच विचारले जाते. विद्यार्थी मग ठरावीक आज्ञांचा क्रम पाठ करतो. शहरोशहरीच्या खासगी प्रशिक्षण वर्गांच्या पाट्यांवरही सॉफ्टवेअरची नावेच असतात. यंत्राचे नाव नसते.

पॅरामेट्रिक मॉडेलची खरी कसोटी ते पूर्ण झाल्यावर नव्हे, तर बदलल्यावर लागते. म्हणून परीक्षाही तशीच हवी. विद्यार्थ्याला दुसऱ्याने बांधलेले मॉडेल द्यावे, दोन मापे बदलण्यास सांगावे आणि काय मोडले, का मोडले, हे लिहून घ्यावे. यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. केवळ प्रश्नपत्रिका बदलावी लागते. अर्थात असे उत्तर तपासणारा शिक्षकही कारखान्यातील अडचणी पाहिलेला असावा लागतो, आणि हे काम प्रश्नपत्रिका बदलण्याइतके सोपे नाही.

साधन कोणाचे?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. महाविद्यालयात सवलतीत किंवा विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर व्यवसायासाठी वापरायचे झाले, तर लहान उद्योजकाला त्याचा परवाना जड जातो. शिवाय एकाच कंपनीच्या फाइलमध्ये साठवलेले ज्ञान त्या कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहते. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर ऑटोडेस्कसह अनेक पाश्चात्त्य कंपन्यांनी रशियातील व्यवसाय थांबवला, तेव्हा तेथील उद्योगांना हे अवलंबित्व एकाएकी जाणवले.

मुक्त स्रोत असलेला 'फ्रीकॅड' हा पर्याय २००२ पासून विकसित होत आहे. पूर्वी त्यात एक मोठा दोष होता. मॉडेलमध्ये आधीचा बदल केला, की पृष्ठभागांचे अंतर्गत क्रमांक बदलत आणि एखादे भोक भलत्याच बाजूला सरके. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.० या आवृत्तीत हा दोष बराच कमी करण्यात आला आणि जुळणीची सोयही अंतर्भूत झाली. मोठ्या जुळण्यांत व्यावसायिक सॉफ्टवेअर अजूनही पुढे आहे. तरीही शिकण्यासाठी पैसे नाहीत, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

वर्णन लिहिले की मॉडेल तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही येऊ लागली आहेत. त्यामुळे केवळ आज्ञा पाठ असणाऱ्याचे मोल घटणार, हे उघड आहे. कोणते माप कशावर अवलंबून असावे, हे ठरवणाऱ्याची गरज मात्र उरणारच.

सव्वाशे वर्षांपूर्वीची आठवण

या संदर्भात एक जुना दाखला मोलाचा ठरतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवत असत. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींच्या व्यवसायातून लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या हाती संगणक नव्हता. परंतु नांगराचा फाळ झिजल्यावर काय करावे लागेल, हा शेतकऱ्याचा प्रश्न नांगर बनवणाऱ्याला टाळता येण्यासारखा नव्हता.

बसवनगुडीतील आणि बेळगावातील आजच्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न मुळात तोच आहे. आपण रचलेला भाग उद्या बदलावा लागेल, तेव्हा काय होईल? ज्या वर्गात हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जाईल, तेथे कोणते सॉफ्टवेअर आहे, ही बाब दुय्यम ठरेल.